शेअर्ड डिस्क एका नोडवरून दुसऱ्यावर नेताना: आधी सोडा, खात्री करा, मगच घ्या

क्लस्टरमधली शेअर्ड डिस्क हलवताना डेटा गेला की पहिला संशय कमांडवर येतो. कमांड सहसा बरोबर असते, क्रम चुकलेला असतो. पहिल्या सर्व्हरनं डिस्क पुरती सोडलेली नसते आणि दुसऱ्यानं ती घेतलेली असते. म्हणून या लेखात डिस्क घेण्यापेक्षा ती सोडण्यावर जास्त जागा दिली आहे.

मांडणी अगदी नेहमीची धरली आहे. दोन नोड, म्हणजे क्लस्टरमध्ये एकत्र बांधलेले दोन सर्व्हर. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोघांना सॅनवरचं, म्हणजे सामायिक स्टोरेजच्या जाळ्यावरचं, एकच लन (स्टोरेजनं दिलेली डिस्क) दिसतं. त्यावर एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) व्हॉल्यूम ग्रुप, त्यावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम, आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. ऑपरेटिंग सिस्टीम रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स किंवा तिच्या घराण्यातली रॉकी, अल्मा. वर पेसमेकर (काय कुठं चालवायचं ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (नोडमधला संवाद सांभाळणारा). एका वेळी एकच नोड डिस्क वापरतो, दुसरा थांबून असतो. दोन्ही नोडनी एकाच वेळी लिहायचं असेल तर जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टीम लागते. तो विषय इथं नाही.

कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करण्याआधी तुमच्या आवृत्तीचं मॅन पेज उघडून नेमके पर्याय पाहून घ्या.

दोन माउंट म्हणजे नेमकं काय बिघडतं

एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही फाइलसिस्टीम डिस्क आपल्या एकट्याचीच आहे असं धरून चालतात. कोणते ब्लॉक मोकळे, कोणती फाइल कुठं, हे प्रत्येक कर्नल आपापल्या मेमरीत ठेवतो. ‘अ’नं एक ब्लॉक वापरला हे ‘ब’ला कळायची सोयच नसते. मग ‘ब’ तोच ब्लॉक मोकळा समजून त्यावर दुसरं काही लिहितो. दोन्हीकडे एररशिवाय काम चालू राहतं, म्हणून हे लगेच कळतही नाही. कळतं तेव्हा कालचा बॅकअपसुद्धा बिघडलेल्या फाइलींचाच निघतो.

पूर्वी मी जिथं काम करत होतो तिथं एका रात्री नव्या सहकाऱ्यानं डिस्क ‘ब’वर रीड-ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती एका फोल्डरला जोडली. ‘अ’ चालूच होता. त्याला फक्त फोल्डरची नावं बघायची होती. “सर, रीड-ओन्लीच तर केलंय,” तो म्हणाला, आणि त्याचा समज चुकीचा आहे हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. रीड-ओन्ली माउंट करतानाही ईएक्सटी४ आणि एक्सएफएस जर्नल (करायच्या बदलांची डिस्कवरची नोंदवही) तपासतात, आणि त्यात अर्धवट नोंदी दिसल्या तर त्या डिस्कवर लिहून पूर्ण करतात. चालू फाइलसिस्टीमच्या जर्नलमध्ये अशा नोंदी असणारच. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बॅकअपमधून डेटाबेस उभा करत होतो. तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियम आहे: दुसऱ्या नोडवर ‘नुसतं बघायला’ माउंट करायचं नाही, कोणत्याही पर्यायानं नाही.

## टप्पा १: दोन्हीकडे तीच डिस्क दिसते का

हे काम आठवडाभर आधी करा. हलवायच्या रात्री नको.

एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग, म्हणजे पाथ, ‘मल्टिपाथ’ सांभाळतं. दोन्ही नोडवर त्याची सविस्तर यादी काढा आणि लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) अक्षर न् अक्षर जुळवा. ‘एसडीसी’, ‘एसडीडी’ अशा नावांवर विसंबू नका, ती रीबूटनंतर बदलतात. ‘एमपाथए’ हे नावही प्रत्येक नोड आपल्यापुरतं ठरवतो. ‘अ’वरचा एमपाथए ‘ब’वर एमपाथसी असू शकतो. मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीला उपनाव द्या, ‘पीजीडेटा’ वगैरे, आणि ते दोन्ही नोडवर तेच ठेवा.

पाथही मोजा. ‘अ’वर चार आणि ‘ब’वर दोन दिसत असतील तर झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं याची सॅन स्विचवरची मांडणी) किंवा केबल अर्धवट आहे. आज ते जाणवणार नाही. ‘ब’वर काम चालू असताना एक स्विच बंद पडला की जाणवेल.

मल्टिपाथचं आणखी एक सेटिंग आताच पाहा: सगळे पाथ गेल्यावर काय करायचं. तिथं कायम रांगेत थांबायची सूचना असेल तर डिस्कचा संपर्क तुटलेला नोड एरर न देता लटकतो. मग अनमाउंट होत नाही आणि प्रोसेस मारल्या तरी मरत नाहीत. क्लस्टरमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर एरर येऊ द्या, म्हणजे पेसमेकरला निर्णय घेता येतो.

‘ब’वर व्हॉल्यूम ग्रुप दिसत नाही म्हणून पुष्कळ जण इथंच घाबरतात. दोन साधी कारणं असतात. पहिलं, ग्रुपवर ‘अ’चा सिस्टीम आयडी, म्हणजे मालक नोडची खूण, आहे. परका ग्रुप ‘व्हीजीएस’ ही ग्रुपच्या यादीची कमांड आपणहून दाखवत नाही, तिला ‘फॉरिन’ हा पर्याय द्यावा लागतो. दुसरं, रेड हॅट ९ पासून एलव्हीएम फक्त डिव्हाइस फाइलमध्ये नोंदलेल्या डिस्क बघतं, आणि ही फाइल प्रत्येक नोडची वेगळी असते. ‘ब’वर ‘एलव्हीएमडिव्हायसेस’ कमांडनं डिस्क त्या फाइलमध्ये जोडा. नोंद राहून गेली तर ऐन फेलओव्हरच्या वेळी, म्हणजे एका नोडचं काम दुसऱ्यानं उचलताना, ग्रुप सापडत नाही.

सावधान: ग्रुप दिसत नाही म्हणून ‘ब’वर ‘पीव्हीक्रिएट’ किंवा ‘व्हीजीक्रिएट’ चालवू नका. डिस्क कोरी नाही, ती फक्त तुम्हाला दिसत नाहीये.

## टप्पा २: ‘ब’ची तयारी

फाइलसिस्टीम मालकाचं नाव साठवत नाही, आकडा साठवते. रेड हॅटच्या पॅकेजमधून घातलेल्या पोस्टग्रेसचा युजर आयडी २६ असतो. एका नोडवर कुणी हातानं युजर बनवला असेल तर तिथं तो १००१ निघतो, आणि डिस्क नीट माउंट होऊनही डेटाबेस ‘परमिशन डिनाइड’ म्हणून बसतो. दोन्ही नोडवर ‘आयडी’ कमांड चालवून युजर आणि ग्रुप दोन्ही आकडे जुळवा.

एसइलिनक्सचं (लिनक्सच्या जादा सुरक्षा व्यवस्थेचं) लेबल फाइलबरोबर जातं, पण ते ठरवणारा स्थानिक नियम नोडवरच राहतो. डेटा नेहमीच्या फोल्डरऐवजी दुसरीकडे असेल आणि नियम फक्त ‘अ’वर असेल तर ‘ब’वर कुणीतरी ‘रीस्टोअरकॉन’ (नियमाप्रमाणे लेबलं पुन्हा लावणारी कमांड) चालवलं की लेबलं बदलतात. नियम दोन्हीकडे घाला.

माउंट पॉइंटचं रिकामं फोल्डर दोन्हीकडे हवं, आणि ते खरोखर रिकामंच हवं. डिस्क माउंट नसताना एखाद्या स्क्रिप्टनं त्यात लिहिलेल्या फाइली माउंटखाली दडून राहतात आणि रूट डिस्क भरत जाते.

आता दोन जागा अशा आहेत जिथं ही डिस्क असताच कामा नये. पहिली, एफएसटॅब, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्याची फाइल. तिथं ओळ असेल तर नोड बूट होताना क्लस्टरला न विचारता माउंट करायला जातो. ती ओळ दोन्ही नोडवरून काढा. माउंट करणं हे पेसमेकरच्या ‘फाइलसिस्टीम’ रिसोर्सचं काम आहे. (रिसोर्स म्हणजे क्लस्टर स्वतः चालू-बंद करतो ती गोष्ट.) दुसरी, एलव्हीएमचं आपोआप चालू होणं. नव्या आवृत्त्यांत ‘व्हीजीचेंज’च्या ‘सेटऑटोअ‍ॅक्टिव्हेशन’ पर्यायानं ते त्या ग्रुपपुरतं बंद करता येतं. जुन्या आवृत्तीत एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनमधल्या आपोआप चालू होणाऱ्या ग्रुपच्या यादीत फक्त रूटचा ग्रुप ठेवावा लागतो आणि मग ‘ड्राकट’नं बूट इमेज पुन्हा बनवावी लागते. बूट इमेजमध्ये एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनची जुनी प्रत असते. ही पायरी सुटली तर फाइल बरोबर दिसत असूनही बूट होताना जुनंच वागणं चालू राहतं.

पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी हे सगळे पाहतात. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, पाहायचं राहून जातं. रेड हॅट ७ वर जीलिबसी २.१७ होतं, रेड हॅट ८ वर २.२८ आलं, आणि २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स जुन्या क्रमानं बांधलेले असतात. नव्या नोडवर डेटाबेस कुरकुर न करता चालू होतो, पण असलेली नोंद शोधात सापडत नाही आणि ‘युनिक’ रकान्यात तेच नाव दोनदा बसतं. त्यामुळे एका क्लस्टरमध्ये ७ आणि ८ असे मिश्र नोड ठेवू नका, आणि डिस्क ७ वरून ८ वर नेलीत तर असे इंडेक्स ‘रीइंडेक्स’नं नव्यानं बांधल्याशिवाय वापरकर्त्यांना आत घेऊ नका.

तपासा: ‘ब’ एकदा रीबूट करा. परत आल्यावर त्यावर ना माउंट, ना चालू लॉजिकल व्हॉल्यूम (ग्रुपमधून वापरायला काढलेला भाग) असं दिसलं पाहिजे. ‘एलएसबीएलके’ या डिस्कच्या यादीत मल्टिपाथच्या खाली काही लटकलेलं दिसलं तर पुढं जाऊ नका.

## टप्पा ३: फेन्सिंग, करून बघितलेलं

‘अ’ बोलत नसेल तर तो मेला आहे की फक्त त्याचं नेटवर्क गेलंय, हे ‘ब’ला सांगता येत नाही. म्हणून ‘ब’ आधी ‘अ’ला बंद करतो किंवा डिस्कपासून तोडतो, आणि मगच डिस्क घेतो. हेच फेन्सिंग. पेसमेकरमध्ये ते मुळात चालू असतं आणि फेन्स डिव्हाइस नसेल तर रिसोर्स सुरूच होत नाहीत. मग कुठंतरी वाचून लोक ‘स्टोनिथ एनेबल्ड’ला (स्टोनिथ हे फेन्सिंगचंच पेसमेकरमधलं नाव) ‘फॉल्स’ करतात आणि रिसोर्स हिरवे झाले म्हणून खूश होतात. शेअर्ड डिस्क असलेल्या क्लस्टरवर हे कधीही करू नका.

फेन्सिंगचे प्रकार वेगळं वेगळं वागतात. आयपीएमआयवरचं (सर्व्हरमधल्या दूरनियंत्रणाच्या वेगळ्या पोर्टवरचं) फेन्सिंग सर्व्हरची वीजच तोडतं. ‘फेन्स स्कझी’ हे स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन वापरून लनवरची त्या नोडची किल्ली काढून घेतं. नोड चालू राहतो, पण त्या लनवर लिहू शकत नाही. वाचू मात्र शकतो. त्यामुळे तोडलेल्या नोडवर जुना डेटा दाखवणारं अ‍ॅप्लिकेशन काही काळ तग धरू शकतं.

दोनच नोड असतील तर कोरोसिंकमध्ये ‘टू नोड’ सेटिंग असतं आणि त्याच्याबरोबर ‘वेट फॉर ऑल’ही (सुरुवातीला सगळे नोड दिसेपर्यंत थांबणं) लागू होतं. मधलं नेटवर्क तुटलं तर दोघंही एकमेकांना एकाच क्षणी बंद करायला धावतात. ते टाळायला एका फेन्स डिव्हाइसला काही सेकंदांचा उशीर लावा.

कॉन्फिगरेशन आहे म्हणजे फेन्सिंग चालतं असं नव्हे. आयपीएमआयचा पासवर्ड मधे कुणी बदललेला असतो, किंवा तो पोर्ट नव्या फायरवॉलमागे गेलेला असतो. देखभालीच्या वेळेत ‘पीसीएस स्टोनिथ फेन्स’नं ‘ब’ला खरंच पाडा. (पीसीएस ही क्लस्टर चालवायची कमांड.) मग उलट करा: डिस्क ‘अ’वर चालू असताना फायरवॉलनं कोरोसिंकची वाहतूक दोन्ही दिशांनी अडवा आणि क्लस्टर काय करतो ते बघा.

सावधान: ही चाचणी झालेली नसेल तर टप्पा ४ कडे जाऊ नका. वेळ कमी पडत असेल तर काम पुढं ढकला.

## टप्पा ४: कामाच्या आधीचा तास

क्लस्टर आधीच आजारी असेल तर हलवाहलव नको. ‘पीसीएस स्टेटस’मध्ये दोन्ही नोड ऑनलाइन हवेत, जुन्या अपयशांच्या नोंदी नकोत. ‘ब’वर मागच्या महिन्यातला अपयशाचा आकडा अजून साठून असेल तर पेसमेकर तिथं रिसोर्स न्यायला नकार देऊ शकतो. कारण समजून घ्या, मग ‘क्लीनअप’ करा.

रिसोर्स ग्रुपचा क्रम वाचा. असा हवा: एलव्हीएम-अ‍ॅक्टिव्हेट, त्यानंतर फाइलसिस्टीम, मग व्हर्च्युअल आयपी (डेटाबेसबरोबर नोड बदलणारा पत्ता), शेवटी डेटाबेस. चालू होताना याच क्रमानं आणि बंद होताना उलट. एलव्हीएमचा रिसोर्स ग्रुपबाहेर एकटा राहिलेला असेल तर तो फाइलसिस्टीमच्या आधीच बंद व्हायला जाऊन अडकेल.

बंद होण्याची मुदतही पाहा. फाइलसिस्टीम रिसोर्सला थांबायला साधारणपणे ६० सेकंद दिलेले असतात. कर्नल लिहायचा डेटा मेमरीत साठवतो, आणि मूळ सेटिंगनुसार उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठवू देतो. १०० जीबी मेमरी उपलब्ध असेल तर २० जीबी. स्टोरेज सेकंदाला २०० एमबी घेत असेल तर नुसतं ते उतरवायला १०० सेकंद जातात. ६० सेकंदांनी पेसमेकर म्हणतो ‘थांबणं अयशस्वी’, आणि थांबणं अयशस्वी झालेल्या नोडला तो फेन्स करतो. तुमचं शांतपणे चाललेलं काम वीज तोडण्यावर येतं. मुदत वाढवा, आणि सोडण्याआधी ‘सिंक’ चालवा.

बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेला हवा. नोड व्हर्च्युअल मशीन असतील तर व्हीएमचा स्नॅपशॉट हा आधार धरू नका. व्हीएमवेअरमध्ये मल्टी-रायटर किंवा बस शेअरिंग लावलेल्या डिस्कवर असा स्नॅपशॉट चालत नाही.

बॅकअपचे एजंट, मॉनिटरिंग, क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं) यातलं काय त्या फोल्डरवर चालतं त्याची यादी करा आणि ते थांबवा. कुणाकुणाचे टर्मिनल उघडे आहेत ते ‘डब्ल्यू’ कमांडनं पाहा.

## टप्पा ५: सोडा

रोजच्या, अनेकदा करून झालेल्या हलवाहलवीत ‘पीसीएस नोड स्टँडबाय’ दिलं, म्हणजे त्या नोडवर काही चालवू नको असं सांगितलं, की क्लस्टर एका दमात सोडून घेतो. पण पहिल्यांदा करत असाल, किंवा मधे स्टोरेज, कर्नल, कॉन्फिगरेशन काही बदललं असेल, तर मी ते दोन भागांत करतो. दोनपाच मिनिटं जास्त लागतात, पण मधे थांबून बघायला मिळतं.

१. अ‍ॅप्लिकेशनकडून येणारी कामं थांबवा. पोस्टग्रेसमध्ये ‘चेकपॉइंट’ द्या, म्हणजे बंद व्हायला कमी वेळ लागेल.

२. ‘अ’वर ‘सिंक’ चालवा. ‘मेमइन्फो’मधला ‘डर्टी’चा आकडा खाली येईपर्यंत थांबा.

३. पूर्ण ग्रुपला ‘पीसीएस रिसोर्स डिसेबल’ द्या. क्लस्टर ग्रुप बंद करेल, पण दुसरीकडे चालू करणार नाही.

४. दुसऱ्या टर्मिनलवर लॉग चालू ठेवून एकेक रिसोर्स उलट्या क्रमानं थांबताना बघा.

सावधान: क्लस्टर चालू असताना हातानं ‘अनमाउंट’ करू नका. पेसमेकरची पुढची तपासणी डिस्क हरवली असं समजेल आणि ती पुन्हा माउंट करायला धावेल. हातानंच करायची वेळ आली तर आधी मेंटेनन्स मोड लावा, आणि तो काढायची आठवण कामाच्या यादीत लिहून ठेवा. त्या मोडमध्ये तपासण्या थांबतात, म्हणजे विसरलात तर क्लस्टर आहे असं नुसतं वाटत राहतं.

### ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर

हे इतक्यांदा होतं की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. काम मेंटेनन्स मोडमध्ये असेल तर शांतपणे शोधायला वेळ असतो. पेसमेकर थांबवत असेल तर फाइलसिस्टीम एजंट सहसा त्या माउंटवरच्या प्रोसेस मारून टाकतो, म्हणजे शोध आधीच घ्यायला हवा. म्हणूनच टप्पा ४ मधली यादी.

पहिल्यांदा ‘फ्यूजर’ किंवा ‘एलएसओएफ’ (फाइल कुणी धरली आहे ते सांगणाऱ्या कमांड) माउंट पॉइंटवर चालवा. नेहमीचा सापडणारा गुन्हेगार म्हणजे कुणाचं तरी टर्मिनल. माणूस सीडी करून त्या फोल्डरमध्ये गेला, जेवायला गेला, आणि त्याचं शेल तिथंच उभं आहे. कोणतीही फाइल उघडी नसली तरी तेवढ्यानं अनमाउंट अडतं. त्याला फोन करा, किंवा ते शेल बंद करा.

फ्यूजर काहीच दाखवत नसेल आणि तरी बिझी येत असेल तर धरणारा कर्नलमध्येच आहे. त्या फोल्डरचा एनएफएस एक्सपोर्ट (नेटवर्कवरून इतर मशीनना फोल्डर देणं) चालू आहे का ते ‘एक्सपोर्टएफएस’नं पाहा. कर्नलमधला एनएफएस सर्व्हर प्रोसेसच्या यादीत येत नाही. त्या डिस्कवरची एखादी इमेज फाइल लूप डिव्हाइस म्हणून जोडली आहे का, तिथं स्वॅप फाइल आहे का, आतल्या फोल्डरवर आणखी एखादं माउंट बसलंय का, कंटेनरनं ते फोल्डर बाइंड करून घेतलंय का, हे ‘लोसेटअप’, ‘स्वॅपऑन’ आणि ‘फाइंडमाउंट’नं कळतं.

एक पर्याय कधीही वापरू नका: आळशी अनमाउंट, म्हणजे ‘अनमाउंट’ला ‘एल’ हा पर्याय. त्यानं माउंट यादीतून दिसेनासं होतं, पण ज्या प्रोसेसनं फाइल धरली आहे ती लिहीतच राहते. तुम्ही रिकामी यादी बघून ‘ब’वर डिस्क घेता, आणि ‘अ’ अजून त्याच डिस्कवर लिहीत असतो.

## टप्पा ६: सुटली याचा पुरावा

‘अ’वर तीन गोष्टी पाहा.

- ‘फाइंडमाउंट’मध्ये तो माउंट नाही.
- ‘डीएमसेटअप’च्या यादीत त्या व्हॉल्यूम ग्रुपचं एकही लॉजिकल व्हॉल्यूम नाही. हाच खरा पुरावा. उघडं असलेलं व्हॉल्यूम बंद होत नाही, त्यामुळे आळशी अनमाउंटनंतर ते इथं पकडलं जातं.
- कर्नलच्या लॉगमध्ये गेल्या दहा मिनिटांत त्या डिस्कची इनपुट-आउटपुट एरर नाही.

मग ‘ब’वरही याच गोष्टी पाहा. तिथंही काही चालू नको.

‘व्हीजीएस’मध्ये सिस्टीम आयडी अजून ‘अ’चाच दिसेल. त्यानं गोंधळू नका. एलव्हीएम-अ‍ॅक्टिव्हेट थांबताना ग्रुप फक्त बंद करतं. आयडी बदलतं ते ‘ब’ घेताना.

या क्षणी डिस्क कुणाचीच नाही आणि फाइलसिस्टीम स्वच्छ बंद आहे. स्टोरेजच्या बाजूनं लनचा स्नॅपशॉट घ्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट वीज गेल्यासारख्या अवस्थेतला असतो, हा तसा नसतो. तो याच नोडना मॅप मात्र करू नका. त्यावर तेच एलव्हीएम आयडी असतात आणि नोडला एकाच नावाच्या दोन डिस्क दिसतात. कधी उघडायची गरज पडलीच तर वेगळ्या मशीनवर, ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ वापरून.

## टप्पा ७: घ्या

१. ‘अ’ला स्टँडबाय करा, म्हणजे ग्रुप तिकडे परत जाणार नाही.

२. ग्रुपला ‘पीसीएस रिसोर्स एनेबल’ द्या. तो ‘ब’वर सुरू होईल.

३. ‘ब’वर सिस्टीम आयडी ‘ब’चा झाला का पाहा.

४. माउंटवर एक छोटी फाइल लिहा, ‘सिंक’ करा, वाचा, काढून टाका. माउंट झालं म्हणजे लिहिता येतं असं नाही. कर्नल लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ दिसलं तर लनवर दुसऱ्या कुणाची तरी किल्ली बसली आहे.

५. डेटाबेसला नोडच्या बाहेरून, खऱ्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरून जोडून पाहा. नोडवरून स्वतःलाच जोडून बघितलं तर व्हर्च्युअल आयपीचा एआरपी (तो पत्ता कोणत्या मशीनकडे आहे याची नेटवर्कमधली नोंद) जुनाच राहिलाय हे कळत नाही.

माउंट होताना फाइलसिस्टीम खराब असल्याचं दिसलं तर थांबा. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस रिपेअर’ आधी ‘एन’ पर्यायानं, म्हणजे काही न बदलता चालवा. त्याचा मोठा ‘एल’ पर्याय जर्नल पुसतो, आणि जर्नलमधल्या नोंदी त्याबरोबर जातात. तो दाबण्याआधी टप्पा ६ मधला स्नॅपशॉट तुमच्याकडे आहे हे आठवा.

## टप्पा ८: मागचं आवरा

काम झालं म्हणून लोक घरी जातात आणि चार दिवसांनी भर दुपारी ग्रुप आपणहून ‘अ’वर परत जातो. दोन कारणं असतात.

‘पीसीएस रिसोर्स मूव्ह’नं जुन्या पीसीएसमध्ये कायमची लोकेशनची अट मागे राहते. तिचं नाव ‘सीएलआय-प्रिफर’ किंवा ‘सीएलआय-बॅन’नं सुरू होतं. रेड हॅट ९ मध्ये ‘मूव्ह’ ती स्वतः काढतं, त्याआधीच्या क्लस्टरवर ‘पीसीएस रिसोर्स क्लिअर’ द्यावं लागतं. ‘बॅन’ राहून गेली तर उलटही होतं: ‘ब’ पडतो, आणि धडधाकट ‘अ’ असूनही ग्रुप कुठंच सुरू होत नाही. अटींची यादी प्रत्येक कामाच्या शेवटी काढून वाचा.

दुसरं कारण, ‘अ’ला पसंती देणारी जुनी अट आणि कमी ‘स्टिकीनेस’ (रिसोर्सनं आहे तिथंच राहायची ओढ, आकड्यात). तुम्ही ‘अ’चा स्टँडबाय काढता त्याच क्षणी ग्रुप उडी मारतो. आधी आकडे पाहा, मग स्टँडबाय काढा. आणि तो काढायला विसरू नका. ‘अ’ स्टँडबायमध्येच राहिला तर तुमच्याकडे एका नोडचा क्लस्टर आहे.

## ‘अ’ उत्तरच देत नसेल तर

रात्री तीनला ‘अ’ला पिंग जात नाही, फेन्सिंग अयशस्वी झालंय, ‘ब’ थांबून आहे, आणि वरून फोन येतायत. इथं हात शिवशिवतात की ‘ब’वर जबरदस्तीनं ग्रुप चालू करून टाकावा. पेसमेकर अडून बसलाय तो बरोबर अडून बसलाय.

पिंग न जाणं हा ‘अ’ बंद असल्याचा पुरावा नव्हे. सॅनचं जाळं वेगळं असतं. नेटवर्क मेलेला सर्व्हर डिस्कवर खुशाल लिहीत असतो. डेटा सेंटरमधल्या माणसाला रॅकजवळ पाठवा. सर्व्हरचा सिरियल नंबर फोनवर वाचून घ्या, शेजारचा सर्व्हर बंद केल्याची उदाहरणं आहेत. मग दोन्ही पॉवर केबल काढायला सांगा. ते जमत नसेल तर सॅन स्विचवरून ‘अ’चे एचबीए (सर्व्हर सॅनला जोडणारं कार्ड) पोर्ट बंद करून घ्या.

हे झाल्यावरच ‘पीसीएस स्टोनिथ कन्फर्म’ द्या. ही कमांड काहीही बंद करत नाही. ती फक्त क्लस्टरला तुमचा शब्द देते की ‘अ’ बंद आहे.

## सर्व्हरची जोडीच बदलायची असेल तर

सोडायचा क्रम तोच, फक्त यावेळी जुन्या नोडनी लनची ओळखही विसरायची असते. टप्पा ६ पर्यंत या. मग:

१. जुन्या क्लस्टरमधून हे रिसोर्स काढा. ‘फेन्स स्कझी’ वापरत असाल तर जुन्या किल्ल्या ‘एसजी पर्सिस्ट’ किंवा ‘एमपाथपर्सिस्ट’नं आताच काढा, नाहीतर नव्या सर्व्हरला लिहिता येणार नाही.

२. ‘व्हीजीएक्सपोर्ट’ करा. त्यानं सिस्टीम आयडीही पुसला जातो.

३. दोन्ही जुन्या नोडवर लनच्या पाथची यादी लिहून घ्या, मल्टिपाथ मॅप काढा, प्रत्येक पाथवर ‘ब्लॉकडेव्ह’नं बफर रिकामे करा, आणि एकेक पाथ कर्नलमधून डिलीट करा.

४. आता, आणि आताच, स्टोरेजवर जुन्या सर्व्हरचं मॅपिंग काढा.

तिसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण स्टोरेजची टीम वेगळी असते आणि तिनं काम आधी उरकलेलं असतं. मग जुन्या नोडवर पाथ मेलेले, रांगेत थांबलेली कामं, आणि न मरणाऱ्या प्रोसेस. त्याहून वाईट म्हणजे तोच लन क्रमांक स्टोरेजवर दुसऱ्या डिस्कला दिला गेला, तर जुन्या नोडकडे उरलेला पाथ कुणा दुसऱ्याच्या डेटाकडे बोट दाखवतो. स्टोरेज टीमला आधीच लेखी सांगा: माझा निरोप आल्याशिवाय अनमॅप नको.

५. नव्या नोडचं झोनिंग करा, लन मॅप करा, स्कॅन करा, डब्ल्यूडब्ल्यूआयडी पुन्हा जुळवा. आयस्कझी (नेहमीच्या नेटवर्कवरून डिस्क देणं) असेल तर दोन्ही नव्या नोडची इनिशिएटर नावं, म्हणजे स्टोरेज त्यांना ज्या नावानं ओळखतं ती, वेगळी आहेत ना ते पाहा. एकाच टेम्पलेटवरून क्लोन केलेल्या मशीनना तेच नाव असतं, आणि स्टोरेजला दोन सर्व्हर एकच वाटतात.

६. एकाच नव्या नोडवर ‘व्हीजीइम्पोर्ट’ करा, ग्रुप चालू करा, माउंट करा, तपासा, पुन्हा पूर्ण सोडा. मगच क्लस्टरमध्ये रिसोर्स बनवा आणि टप्पा १ ते ३ या नव्या जोडीवर पूर्ण करा, रीबूटच्या चाचणीसकट.

जुने सर्व्हर लगेच फॉरमॅटला देऊ नका, पण त्यांना सॅनच्या केबलही लावून ठेवू नका. केबल काढल्यावर जुन्या नोडवर एकदा ‘एलएसबीएलके’ चालवा. तिथं फक्त त्याच्या स्वतःच्या डिस्क उरलेल्या दिसल्या पाहिजेत.